प्रल्हाद देवपुजारीचं क्योटो

अमेरिकेत, क्युपर्टिनोतल्या मराठी मंडळींपैकी कुणी जपानला निघालं, की तिकिटाच्या आधी प्रल्हाद देवपुजारीला फोन जातो. नाही केला तर तो स्वतः करतो, आणि मग सुटका नाही. सोनेरी मंदिराला दार उघडायच्या वेळेलाच जा. लाल कमानींच्या डोंगरावर निदान अर्ध्या वाटेपर्यंत चढा, गर्दी खालीच गळते. देवळात बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे नवे घाला, अंगठा बाहेर डोकावणारे नकोत. हे सगळं तो असं सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा लहानाचा मोठा क्योटोतच झाला. झाला नागपुरात, धरमपेठेत. आणि क्योटोत त्यानं अजून पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

त्याचं झालं असं. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा त्याच्या बायकोनं, सुनेत्रानं, एक गोष्ट मागितली होती. क्योटोची देवळं आपण दोघांनी मिळून बघायची. दागिना नको, गाडी नको. तिकिटं काढली, आणि तेवढ्यात कुणाचा तरी व्हिसा स्टॅम्पिंगला अडकल्याची, तो बिचारा कितीतरी दिवस अमेरिकेबाहेरच राहिल्याची बातमी आली. प्रल्हादही तसल्याच व्हिसावर होता. त्यानं ट्रिप कॅन्सल केली. पुढच्या वर्षी परत प्लॅन, परत कॅन्सल. जाता येत नाही म्हटल्यावर तो व्हिडिओ बघायला लागला, नकाशे पाठ करायला लागला, आणि बघता बघता घरबसल्या गाईड होऊन बसला. लोक तिथून व्हिडिओ कॉल करायचे. तिकडची सकाळ म्हणजे इकडची आदली संध्याकाळ. हा सोफ्यावर चहा घेत "आता डावीकडे वळा" म्हणायचा. त्याच्या ऑफिसातला प्रथमेश एकदा म्हणाला, "यार, आईला क्योटोला नेलं मी, आणि ती सगळ्यांना सांगते, प्रल्हादनं दाखवलं." हे आठवलं की प्रल्हादला अजून गुदगुल्या होतात.

सुनेत्रा हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला गुदगुल्या व्हायच्या नाहीत.

मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. आता कसली सबब? सुनेत्रानं झटपट सगळं बुक केलं: विमान, हॉटेल, क्योटोची दिवसभराची गाईडेड टूर, बसमध्ये शेजारशेजारच्या सीट्स. जपानचे व्हिसासुद्धा दोघांचे आले. प्रल्हाद मान डोलावत राहिला, आणि निघायच्या आठवड्यात त्यानं जाहीर केलं, की ऑफिसात मोठं रिलीज आहे, जमणार नाही. रिलीज होतं, खोटं नव्हतं. पण ते त्याच्या टीममधला ऋषी सांभाळणार होता आणि ऋषीनं तसं सांगितलंही होतं. खरी गोष्ट अशी, की साहेब घाबरले होते. इतकी वर्षं लोकांना सांगितलेलं क्योटो तिथं तसं नसलं तर? आणि तसंच असलं, तरी झेंडी धरलेल्या कुणाच्या मागून मुकाट चालायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या मानाचं काय राहिलं? हे त्यानं बायकोला सांगितलं नाही. तिला कळायचं ते कळलंच होतं.

"बरं," सुनेत्रा म्हणाली. "मग मी जाते."

भांडण नाही, आदळआपट नाही. प्रल्हादला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय, जायची नाही. ती गेली.

टूरच्या दिवशी तिनं बसमधून कॉल मात्र केला. प्रल्हाद तयारच होता.

"शेजारी कोण आहे?" त्यानं विचारलं.

"पर्स."

"वा, पर्सला खिडकी मिळाली," तो म्हणाला. सुनेत्रा हसली नाही.

मग टूर सुरू झाली. राजवाड्याच्या अंगणात गाईडबाई तोंड उघडायच्या आत हा सम्राटांबद्दल बोलून मोकळा. शेंदरी खांबांच्या देवस्थानात तर त्यानं तिच्या दोन चुका काढल्या. त्यातली एक त्याचीच होती. गाईडबाई बिचारी फोनकडे बघून नम्रपणे वाकली आणि थांबली.

"प्रल्हाद, ती बोलतेय," सुनेत्रा म्हणाली.

"अगं, पण ती साल सांगायला विसरली."

जेवणाआधीचा मुक्काम म्हणजे सान्जुसान्गेन्दो, लांबलचक लाकडी मंदिर. आत करुणेच्या देवतेच्या हजार मूर्ती उभ्या आहेत, रांगांमागून रांगा. आत फोटो, व्हिडिओ काही चालत नाही. इथं प्रल्हादचा कॉल नेहमीच तुटायचा. लोक बाहेर येऊन "भारी होतं यार" म्हणायचे, आणि आत काय काय होतं ते मग हाच त्यांना सांगायचा. सुनेत्रानं फोन बंद केला. प्रल्हादनं चहा संपवला, भांडी घासली, अंगणातल्या झाडांना पाणी घातलं. फोन काही येईना. बाकीची मंडळी एव्हाना बसमध्ये बसली असणार, ही करतेय काय?

अखेर फोन आला. सुनेत्राचे डोळे लाल होते.

"रडलीस की काय?" प्रल्हाद जरा हबकलाच. आणि हबकला की तो माहिती सांगतो. "तिथं प्रत्येक मूर्तीचा चेहरा वेगळा आहे, लक्षात आलं का? लोक म्हणतात, ज्याला भेटावंसं वाटतं त्याचा चेहरा त्यात सापडतोच."

"माहीत आहे. तूच इतक्यांदा सांगितलंयस."

"मग? सापडला?" त्याच्या आवाजात थोडा लाडीगोडीचा सूर आला.

"नाही," सुनेत्रा म्हणाली. "म्हणून तर वेळ लागला. एकेक चेहरा बघितला, प्रल्हाद. बस थांबवून ठेवली त्या लोकांनी माझ्यासाठी. तुझा नव्हता."

  त्याला अतोनात लाज वाटली, आणि तिची आठवण आली, समोर दिसत असूनही.

"तू रविवारपर्यंत आहेस ना?"

"आहे."

"मी येतो."

"कधी?"

"बघू" हा शब्द त्याच्या अगदी जिभेवर आला होता, इतक्या वर्षांच्या सवयीनं. तो त्यानं गिळला.

"उद्याच्या फ्लाइटनं. ऋषीला आत्ताच कळवतो."

सुनेत्रानं ओढणीनं डोळे पुसले. मागून गाईडबाई हळूच हाक मारत होती.

"ये," ती म्हणाली. "मी परत जाईन आत, तुझ्याबरोबर."