सरळ रेषेमागचं पाणी

पाणीपुरवठा खात्यात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे आलेखबाईच म्हणत. नवीन माणूस रुजू झाला की विचारायचा, "त्या आलेखबाई कुठं बसतात?" आणि शिपाई मान वर न करता जिन्याकडे बोट दाखवायचा.

शहराखालच्या मोठ्या नळांमध्ये जागोजागी दाब मोजणारे मापक बसवलेले होते. प्रत्येक मापक दाब मोजणार आणि मोबाइलच्या रेंजवरून आकडा पाठवणार. ते आकडे नीट साठवायचे आणि त्यांचे आलेख काढायचे, हे तिचं काम. पूर्वी एका बँकेत ती असंच काहीसं करायची. जुळ्या मुली झाल्या आणि ती घरी बसली ती बसलीच. मुली कॉलेजात गेल्यावर तिनं पुन्हा अर्ज केला. मुलाखतीत एकानं विचारलं, "मधल्या काळात सगळंच बदललंय. जमेल?"

"मीपण बदललेय," ती म्हणाली. "पूर्वी मला पटकन कंटाळा यायचा. आता येत नाही."

ती आली तेव्हा आकडे तळघरातल्या एका मशीनवर साठत. त्या मशीननं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. डिस्क भरली की ते रुसायचं, आणि ते रुसलं की अख्खं खातं आंधळं. आलेखबाईंनी सरळ सांगून टाकलं, की ही कटकट आपण पाळायचीच कशाला? वेळेनुसार येणारे आकडे सांभाळायलाच बनवलेली क्लाउडवरची सेवा मिळते, ती घेऊ.

पंप विभागाच्या साहेबांना शंका होती. "म्हणजे नक्की काय?"

"मशीन त्यांचं, दुरुस्ती त्यांची, राखीव प्रती काढून ठेवायचं कामही त्यांचं. मापक वाढले तर जागा आपोआप वाढते. आपण फक्त आकडा आणि त्याची वेळ पाठवायची."

"मग तुम्ही काय करणार?"

"प्रश्न विचारणार!"

साहेब खळखळून हसले आणि त्यांनी सही केली.

सेवा खरंच गुणी निघाली. गेल्या महिन्यात दुपारचा दाब सरासरी किती होता, असं विचारावं तर चहाचा घोट घेईपर्यंत उत्तर हजर. पण तिचे नियमही होते, आणि बाईंनी ते बारकाईनं वाचले होते. बारीकसारीक आकडे ती ठराविक काळच ठेवी. मग तासातासाची सरासरी तेवढी राही. फार लांबलचक प्रश्न विचारला तर ती मध्येच सोडून देई. आणि उशिरा आलेला, जुन्या वेळेचा आकडा दारातूनच परत पाठवी. हा शेवटचा नियम वाचून बाई पुढं गेल्या होत्या. आपले मापक तर लगेच पाठवतात, उशीर कोण करणार?

मग टेकडीवरचं पाणी आटायला लागलं.

आलेखबाई त्याच टेकडीवर राहायच्या. नवरा, सासूबाई आणि सुट्टीत येणाऱ्या मुली. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "अगं, तू पाण्याच्या खात्यात, आणि आपल्याच नळाला करंगळीएवढी धार! शेजारणी मला विचारतात. काय सांगू त्यांना?"

"बघते, आई."

"बघतेस कसली? कुठंतरी पाणी मुरतंय, मी सांगते."

गंमत म्हणजे पंप हळू चालत तेव्हा पाणी बरं येई आणि ते पूर्ण जोरात सुटले की धार बारीक होई. पंपसाहेबांनी कपाळाला हात लावला. "असं उलटं कसं होईल? आणि टेकडीच्या पायथ्याचा आलेख बघा, दाब अगदी स्थिर."

आलेख खरंच स्थिर होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. शेजारच्या नळांचे आलेख जिवंत माणसाच्या नाडीसारखे वरखाली होत होते. हा मात्र, पंप जोरात असताना, पट्टीनं आखल्यासारखा सरळ. पाणी असं वागत नाही, त्यांच्या मनात आलं.

त्यांनी आलेख बाजूला सारला आणि सेवेला साधा प्रश्न टाकला: या वेळात या मापकाचे आकडे आले किती?

उत्तर आलं, शून्य.

बाई खुर्चीत ताठ झाल्या. आकडे नव्हतेच! आलेख काढणाऱ्या प्रोग्रामनं अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका जोडून मधे आपली रेघ ओढली होती. खात्यातली सगळी शहाणी माणसं आठवडेच्या आठवडे एका भोकाकडे बघून 'स्थिर, स्थिर' म्हणत होती, आणि त्यात त्या स्वतःही होत्या.

मग आकडे गेले कुठं? सेवेच्या पानावर, कुणी बघत नाही अशा कोपऱ्यात, परत पाठवलेल्या नोंदींची मोजणी असे. ती रोज वाढत होती, आणि वाढत होती ती पंपांचा जोर कमी झाल्यावर लगेच. आता चित्र जुळायला लागलं. रेंज गेली की मापक आकडे स्वतःजवळ ठेवतो आणि रेंज आली की एकदम पाठवतो. तोवर ते शिळे झालेले. सेवा म्हणते, उशीर झाला, जा परत.

उशिरा आलेल्यांसाठीही एक सोय होती, सावकाश चालणारा वेगळा साठा. तिथं जुन्या वेळेचे आकडे घेत, फक्त ते दिसायला वेळ लागे. ही सोय मुद्दाम चालू करावी लागे. बाईंनी ती केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपसाहेबांना बोलावून आलेख उघडला. सरळ रेघ गायब होती. पंप जोरात सुटले त्या क्षणी दाब विहिरीत पडावा तसा कोसळला होता.

साहेब उभेच राहिले. "अहो, हा नळ फुटलाय!"

"आणि रेंज नेमकी तेव्हाच का जाते, तेही बघू. फिटरकाकांना घ्या."

फिटरकाका म्हणजे खात्यातले सगळ्यात जुने फिटर. पंप जोरात असतानाच त्यांनी पायथ्याचा मापक ज्या खड्ड्यात बसवला होता त्याचं लोखंडी झाकण उचललं आणि मागं सरकले. खड्डा काठोकाठ भरला होता.

"बाई," ते ओरडले, "तुमचा मापक पोहतोय!"

जोर वाढला की नळाचा सांधा उघडत होता, खड्डा भरत होता आणि मापकाचा अँटेना पाण्याखाली जात होता. जोर उतरला की पाणी शेजारच्या जुन्या गटारात निघून जाई. रस्त्यावर थेंब दिसत नव्हता. ज्या वेळेची खबर हवी, नेमकी तीच वेळ पाण्यात बुडत होती.

रस्ता खोदला गेला, नवा सांधा बसला, अँटेना खांबावर चढला. पंप सुरू करताना साहेबांनी सगळ्यांना पडद्यासमोर गोळा केलं. दाब चढला. आणखी चढला. आणि वरच राहिला, बारीक थरथरत, अगदी जिवंत. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडे सासूबाई, आणि त्यांच्यामागे चारचौघींचा कालवा.

"अगं, नळ अंगावर आला माझ्या! नखशिखांत भिजलेय! बंद कसा करायचा तेच विसरले बघ!"

"आई, उजवीकडे फिरवा!"

"फिरवते गं. जरा वाहू दे आधी. या सगळ्यांना बघू दे."

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि शहरातल्या एकूणएक मापकांच्या परत गेलेल्या नोंदी मागवल्या. क्षणात यादी आली. पेठेतला एक मापक आणि स्टेशनामागचा एक, दोघांचेही आकडे उशिरा येऊन परत जात होते.

"साहेब," त्या म्हणाल्या, "अजून दोन खड्डे आहेत."

साहेबांनी वळून पाहिलं, पण फिटरकाका केव्हाच हत्यारं उचलून जिना उतरायला लागले होते. "पत्ता गाडीत सांगा!" खालून आवाज आला. आलेखबाईंनी चपला सरकवल्या आणि पदर खोचून त्यांच्यामागं निघाल्या.