ताईच्या स्कॅनची दुसरी प्रत

ऑफिसात त्याला सगळे कुलूपराव म्हणायचे, आणि तेही तोंडावर. शहरभर स्कॅन सेंटरं चालवणाऱ्या कंपनीत तो पेशंटांचे स्कॅन सांभाळायचा. ते असत क्लाउडवर, म्हणजे कुणा दुसऱ्याच्या इमारतीतल्या भाड्याच्या कपाटांत. त्यांची एक प्रत रोज अगदी वेगळ्या खात्यात जायची आणि तिथला पासवर्ड साहेबांनाही ठाऊक नसे. दर शुक्रवारी तो त्या प्रतीतला कुठलातरी एक स्कॅन उघडून बघायचा. झाकण काढल्याशिवाय डब्यात काय आहे ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. बाकीचे हसायचे. हसोत बापडे.

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याची थोरली बहीण तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. तीन वर्षांपूर्वी ती जिन्यात पडली तेव्हा तिच्या छातीचा स्कॅन त्याच्याच कंपनीत काढला होता. बरगड्या शाबूत निघाल्या, प्रकरण मिटलं. ताईने सीडीचं पाकीट कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवलं. एकदा कपाट आवरताना यानेच ते बाहेर काढलं. ताई नको म्हणत होती.

"आमच्याकडे आहे की. तुझ्या कपाटापेक्षा सुरक्षित," म्हणत त्याने ते कचऱ्यात टाकलं.

मग नवे साहेब आले. दोन खाती, दोन पासवर्ड हा त्यांना नसता उपद्व्याप वाटला. दुसरी प्रतही माझ्याच खात्याखाली आणा, म्हणाले. कुलूपराव तीन दिवस भांडला, दोन लांबलचक मेल लिहिले. चौथ्या दिवशी साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि बढतीच्या यादीत तुमचं नाव आहे, एवढंच सहज सांगितलं. याने सही केली. जबरदस्ती कुणी केली नव्हती, हे त्याला आजही पक्कं ठाऊक आहे.

पाच महिन्यांनी साहेबांना एक खोटा मेल आला आणि त्यांनी आपला पासवर्ड चोरांच्या हाती दिला. एका दुपारीत चोरांनी मूळ स्कॅनही पुसले आणि प्रतीही. चौकशीत साहेबांच्या चुकीला मानवी चूक म्हणाले. कुलूपरावच्या सहीला मात्र निष्काळजीपणा. साहेब मोठ्या खुर्चीवर गेले. हा एका सेंटरच्या खिडकीत बसून पेशंटांना नंबर देऊ लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर हाही कुठे संन्यासी होता?

त्याच वर्षी ताईचा खोकला हटेना. नव्या स्कॅनमध्ये फुप्फुसावर एक डाग दिसला. डॉक्टरांनी जुना स्कॅन मागितला. तेव्हाही डाग एवढाच असेल तर हात लावायचं कारण नाही, म्हणाले. नसेल तर थांबण्यात धोका आहे. डाग सुईने गाठून तपासता येण्याजोगा नव्हता. कुलूपरावने सगळ्या सेंटरांतली जुनी मशीन धुंडाळली, ओळखीपाळखी काढल्या. हाती धुपाटणंही आलं नाही.

फुप्फुसाचा तुकडा कापला. तपासणीत निघाला तो लहानपणच्या आजाराचा भरलेला व्रण, अगदी निरुपद्रवी. सगळे सुटलो म्हणाले. ताईचा दम मात्र परत आला नाही. तिच्यासाठी पहिल्या मजल्याच्या वळणावर एक स्टूल ठेवावं लागलं.

परवा तो तिला डॉक्टरांकडून घेऊन आला. ती स्टुलावर टेकली आणि बराच वेळ श्वास गोळा करत राहिली.

"ते पाकीट असतं तर कापावं लागलं नसतं ना रे?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली त्याला.

"नसतं," तो म्हणाला.

"तू सांगितलंस म्हणून टाकू दिलं मी."

ती उठली. त्याने हात पुढे केला. ताईने कठडा धरला आणि एकेक पायरी चढू लागली.