ओला घास

"काय खाल्लं होतं?"

कोणी काहीही सांगत आलं, की त्यांचा पहिला प्रश्न हाच. गाय बसून राहिलीय म्हणा, शेळी चरत नाही म्हणा, एकदा मी सहज डोकं दुखतंय म्हटलं तेव्हाही त्यांनी मान डावीकडे कलती करून हेच विचारलं. आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलले नाहीत.

खर्डीच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात ते पर्यवेक्षक होते. आसपासच्या पाड्यांवर सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. "मी डॉक्टर नाय, डॉक्टरांचा हात हाय," असं ते प्रत्येकाला बजावत, आणि पुढचा माणूस पुन्हा डॉक्टरच म्हणे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गावात ती सगळ्यांना माहीत असतात, आणि त्यांच्या घरी कोण कोण आहे हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

नव्वदीच्या शेवटी शेवटी मी शहापूर तालुक्यात महिला बचत गटांचं काम करायचे. एका गटाच्या बायकांसाठी एक दिवसाची सहल ठरली. सकाळी सिन्नरकडे एका बागायतदाराचं मेंढीपालन बघायचं, दुपारी नाशिक शहर. खरं तर आमच्या पावसात मेंढी टिकत नाही. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्या बागायतदाराकडे शेळ्याही होत्या, आणि बायकांचं काम पसंत पडलं तर तो गटाला चांगल्या जातीची पिल्लं पाळायला देणार होता. म्हणून डॉक्टर सुट्टी टाकून सोबत आले. बायकांचं निम्मं लक्ष नाशिककडेच होतं. काहींना पंचवटी बघायची होती, बौद्धवाडीतल्या चौघींना पांडवलेणी. कसारा घाटात त्यावरून गाडीत थोडी वादावादीही झाली. "दोन्ही बघू," डॉक्टर म्हणाले, "आधी मेंढ्या बघू."

मेंढ्या छान होत्या. मालक हौसेने सगळं दाखवत होता. एका वेगळ्या कुडाच्या खोपटात त्याचा सगळ्यात लाडका मेंढा होता, पैदाशीसाठी राखलेला. तो बघून आम्ही शेळ्यांच्या गोठ्याकडे वळलो. अर्धा-पाऊण तास गेला असेल. तेवढ्यात तिथला गडी धावत आला.

मेंढा पाय आपटत होता. त्याची डावी कूस पखालीसारखी फुगली होती, तोंडातून फेस येत होता. डॉक्टरांनी गुडघे टेकले, मूठ कुशीवर दाबली, मग कुडाच्या कोपऱ्यात हात घालून चार हिरव्या काड्या उचलल्या. लसूणघास. शेजारच्या वाफ्यात तो माजला होता, सकाळीच पाणी दिलेला. असा ओला, कोवळा घास उपाशी मेंढीच्या पोटात गेला, की तासाभरात जीव जाऊ शकतो. हे मला त्या दिवशी कळलं.

"हा कोणी घातला?" मालकाने विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच भीती वाटली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हिराबाई माझ्या शेजारी उभी होती. आमच्या गटातली सगळ्यात गरीब स्वभावाची. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते, पण बोटं हिरवी झालेली मला दिसली. डॉक्टरांनाही दिसली. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "मी घातला."

मालक त्यांच्याकडे बघतच राहिला. "जनावरांचा माणूस असून!" एवढंच म्हणाला.

पोटातली हवा सुटावी म्हणून डॉक्टरांनी मेंढ्याच्या तोंडात आडवी काडी बांधली, गोडं तेल मागवून थोडं थोडं पाजलं. कूस उतरेना. त्यांच्या पिशवीत जाड सुई असायची. पोटाला भोक पाडून हवा काढावी लागेल, असं ते म्हणाले. मालक तयार होईना. नाशिकहून त्याचे डॉक्टर येणार होते, त्यांची वाट बघू म्हणाला. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, तुमी यांना घेऊन जावा. इथं रडारड नको. संध्याकाळी याच रस्त्यानं येताना मला घ्या."

आम्ही नाशिक बघितलं. काय बघितलं ते सांगता येणार नाही. पंचवटीवाल्याही पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढल्या. मी दोनदा टेलिफोन बूथवरून त्या मळ्यावर फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. रामकुंडावर हिराबाई बोटं दगडावर घासत बसली. "भुकेला दिसला, ताई," एवढंच म्हणाली. "आपल्याकडं हिरवं दिसलं तं शेळीला घालतोच ना आमी."

मी तिला म्हणायला हवं होतं, की चल, परत गेल्यावर आपण खरं सांगू. मी म्हटलं नाही. मला पिल्लं दिसत होती, गट दिसत होता.

परतताना डॉक्टर मळ्याच्या फाटकाबाहेर उभे होते. सदऱ्यावर तेल आणि फेस वाळलेला. मेंढा जगला होता. शेवटी मालकाने मान डोलावली, तेव्हा त्यांनी सुई घातली होती. कोणीतरी रडलं. हिराबाई त्यांच्या पायाशी वाकली, तर ते मागे सरले. "गप राहा. गटाचं नाव येईल मधी," म्हणाले, आणि पुढच्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसले.

गटाला पिल्लं मिळाली. पण मालकाने डॉक्टरांच्या साहेबांना तक्रारीचं पत्रही लिहिलं. दोन महिन्यांत त्यांची बदली मुरबाडच्या पार टोकाच्या गावी झाली. निरोप द्यायला मी गेले, तेव्हा ते दवाखान्यातलं सामान बांधत होते. त्या विषयावर ते बोलले नाहीत, मीही नाही.

सात वर्षांनी ते वारल्याचं कळलं. हिराबाई आणि मी मुरबाडला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. थकलेली, शांत बाई. तिने आम्हाला चहा दिला. हिराबाईने कप खाली ठेवला आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "वैनी, तो घास मी घातलेला. डॉक्टरांनी नाय."

बाईंना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, मेंढा, मालक, पत्र. सांगताना माझ्याकडून कोणत्याच शब्दावर जोर पडत नव्हता.

त्यांनी कप उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "मुलीची शाळा सुटली इकडं आल्यावर. सात वर्षं मी त्यांना त्या घासावरून बोलत होते. एवढी वर्षं जनावरांत काढून एवढं कळलं नाय तुमाला, म्हणून."

"मग ते काय म्हणायचे?" मी विचारलं.

"काय नाय," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, चुकलं खरं."