स्कॅनरचं लायसन

शॅननसारख्या आयरिश विमानतळाच्या गावात घर घेतलं तर विमानं दिसणारच. ती ऐकूही येतात, म्हणजे नुसती घरघर नव्हे, आतल्या माणसांचं बोलणं. पण त्यासाठी स्कॅनर लागतो. माझ्याकडे होता. हातात मावेल एवढा, वॉकीटॉकीसारखा, वर रबरी अँटेना. परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात एकटं माणूस काय काय विकत घेतं, त्यातलीच ती एक वस्तू. कुणी मांजर आणतं, कुणी जिम लावतं. मी एका अनोळखी माणसाकडून ऑनलाइन जुना स्कॅनर घेतला आणि लष्करी विमानांच्या वैमानिकांचं बोलणं ऐकायला लागले.

प्रवासी विमान बोलायला लागलं की आधी कंपनीचं नाव येतं, मग नंबर. लष्करी विमानाचं तसं नसतं. एखादा भलताच शब्द आणि पुढे आकडे. तो शब्द कानावर पडला की मी भाजीखालचा गॅस बंद करून ऐकत उभी राही. बोलणं अगदी साधं असे. वारा किती, धावपट्टी कुठली, इंधन भरायची गाडी कुठे येईल. टॉवरमधून कुणीतरी इथल्या, क्लेअर परगण्याच्या हेलात सूचना देई आणि वैमानिक ती शब्दन् शब्द परत म्हणून दाखवी. चुकली तर पुन्हा सांगायचं, पुन्हा म्हणायचं. मला या पद्धतीचं फार बरं वाटे. आमच्याकडे लोकांनी एकमेकांचं बोलणं असं परत म्हणून दाखवलं असतं, तर निम्मी भांडणं झालीच नसती. वैमानिकांचे आवाज कोवळे असत. ही पोरं कुठून आली, इंधन भरून कुठे चालली, ते कधी कळायचं नाही, पण मला त्यांचीही काळजी वाटायची. काळजी करायला मला फारसं कारण लागत नाही.

त्या वर्षी मात्र खरंच कारण होतं. मी इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. आई गेल्यापासून बाबा नागपुरात एकटे होते. मी परमिटवर. फार दिवस देशाबाहेर राहिलं की इथलं सगळं विस्कटतं, म्हणून दरवेळी तीन आठवडे नागपूरला जायचं आणि निघताना त्यांच्याकडे न बघता टॅक्सीत बसायचं, असं चाललं होतं. इथला पासपोर्ट हातात आला की सहा-सहा महिने त्यांच्याजवळ राहायचं, तिथूनच काम करायचं आणि परतीचं दार बंद होईल ही भीती बाळगायची नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. अर्ज केलाय, एवढंच त्यांना माहीत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं व्हायला नको होतं.

अशात बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आले. ते पोस्टातून निवृत्त झालेले. आधीच कमी बोलणारे, आईनंतर तर नाहीच. सकाळी खाडीच्या बांधावर फिरून यायचे आणि खिडकीशी बसायचे. मी औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसातून घरी आले की विचारायचे, "जेवली का?" आणि मी "हो" म्हटलं की आमचं संभाषण संपायचं.

एका संध्याकाळी मी स्कॅनर लावला तसे ते खुर्ची ओढून जवळ आले.

"हे काय होय वं?"

मी सांगितलं.

"फौजी विमानं? अन् ते आपल्याले इथं बसून ऐकू येते?"

"येतं. शब्द सरावाचे झाले की कळतंही."

त्यानंतर रोज संध्याकाळी ते माझ्या आधी तयार. पोस्टातलं इंग्रजी त्यांना येतच होतं, त्यात रेडिओतलं मिसळलं. विमान उतरायला लागलं की म्हणायचे, "आला बापा, आला!" मी म्हणायचे, "बाबा, बीपीची गोळी घ्या," तर ते ताठ बसून म्हणायचे, "गोळी घेतो, पाण्यासंगं. ओव्हर." इतक्या वर्षांत त्यांनी माझी पहिल्यांदा अशी गंमत केली होती. रेडिओवरून गोष्टी निघायच्या. रेडिओला पूर्वी आपल्याकडे लायसन लागायचं. ते पोस्टात मिळायचं. बाबा नोकरीला लागले तेव्हा ते त्याच खिडकीवर होते. लोक दरवर्षी पुस्तिका घेऊन यायचे, बाबा तिकीट लावून शिक्का मारायचे. शिक्का नसलेला रेडिओ सापडला की दंड.

हे सगळं छान चाललं होतं, पण मन चिंती ते वैरी न चिंती. मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करणारी माझी पुण्याची मैत्रीण आहे. तिचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते, म्हणून तो स्पीकरवर होता. मागे स्कॅनर खरखरत होता, बाबा त्याच्याशी बसले होते.

"अगं, तू अजून ते ऐकतेस?" ती म्हणाली. "अॅप्लिकेशन पेंडिंग असताना?"

"त्यात काय झालं?"

"गुड कॅरेक्टर बघतात ते. गार्डांकडून रिपोर्ट मागवतात. प्रवासी विमानं वेगळी, यार. मिलिटरी म्हणजे मिलिटरी."

"मी नुसतं ऐकते गं."

"ते मला माहितीये. त्यांना कसं कळणार?"

गार्डा म्हणजे इथले पोलीस. मी पोळी तव्यावरच विसरले. फोन ठेवल्यावर इंटरनेटवर शोधलं. एकानं लिहिलं होतं, ऐकायला काही हरकत नाही. दुसऱ्यानं लिहिलं होतं, कायद्याच्या भाषेत तो गुन्हाच आहे, फक्त कुणी पकडत नाही. तिसऱ्यानं पहिल्याला मूर्ख म्हटलं होतं. विमानतळाच्या रस्त्यावर अधूनमधून लोक लष्करी विमानांविरुद्ध फलक घेऊन उभे राहतात, तेव्हा गार्डांची गाडीही तिथे उभी असते. मी ऑफिसला जाताना रोज तिथून जाते. आजवर त्या गाडीकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता ती नसली तरी मला दिसायला लागली. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. इथल्या माणसानं स्कॅनर ऐकला तर तो छंद. माझ्या रंगाच्या आणि माझ्या नावाच्या बाईनं ऐकला तर त्याला काय म्हणतील, हे मी कुणाला विचारूही शकत नव्हते.

स्कॅनर मी हॉट प्रेसमध्ये टॉवेलांखाली ठेवून दिला. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथे लोक त्यात कपडे उबदार ठेवतात. संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून बसले आणि वाट बघून उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुह्या पासपोर्टाचं अडलं का काही?"

"नाही हो."

"मंग रेडिओ काऊन लपवला?"

"लपवला नाही. ठेवलाय."

 पुढचे दिवस आम्ही पुन्हा "जेवली का" आणि "हो" वर आलो. दारापाशी गाडी थांबली की मी पडद्याआडून बघायचे. बहुतेक वेळा पार्सलवाला असायचा.

मग एक दिवस दुपारी जेवायला घरी आले तर बाबा नव्हते. त्यांचा फोन ओट्यावर चार्जिंगला होता. बांधावर गेले असतील म्हणून मी हात धुवायला वर गेले, तर हॉट प्रेसचं दार अर्धवट उघडं. टॉवेलांच्या घड्या नीट घातलेल्या, आणि खाली स्कॅनर नाही. खाली येऊन फ्रिज का उघडला कोण जाणे. त्यांनी नागपुराहून आणलेल्या संत्राबर्फीचा एक न उघडलेला डबा त्यात होता. तोही नव्हता.

मी गाडी काढली. बांधावर वारा असा होता की उभं राहवत नव्हतं. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईला विचारलं, लायब्ररीत डोकावले, दुकानात पाहिलं. डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं. कानटोपी घातलेले बाबा विमानतळाच्या कुंपणाशी उभे आहेत, हातातला स्कॅनर वर धरलाय, आणि चहूकडून माणसं धावत येताहेत. मी त्या कुंपणापर्यंत जाऊन आले. तिथे गायी चरत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. गार्डा स्टेशनमधून होता; बाबांच्या कोटाच्या खिशात मी माझा नंबर लिहून ठेवला होता, त्यावरून. तुमचे वडील आमच्याकडे आहेत, पलीकडचा माणूस म्हणाला, आणि ते अगदी ग्रँड आहेत. इथे सगळं नेहमीच ग्रँड, म्हणजे मजेत, असतं, पाय मोडलेला माणूसही ग्रँड असतो, त्यामुळे मला काही धीर आला नाही.

स्टेशनात बाबा बाकावर बसले होते, कोट, मफलर, गुडघ्यांवर हात. काउंटरवर स्कॅनर होता. त्याच्या शेजारी बर्फीचा डबा. काउंटरमागचा गार्डा पोक्त, लालबुंद चेहऱ्याचा होता.

"युअर मॅन इथं चालत आले," तो बाबांकडे मान करून सावकाश सांगू लागला, "आणि म्हणाले की या रेडिओचं लायसन द्या, फी भरायला तयार आहे. मी म्हटलं, आम्ही असलं काही देत नाही. मग त्यांनी हा डबा पुढे केला. म्हणाले, हा माझ्या मुलीचा रिपोर्ट जे साहेब लिहितील त्यांच्यासाठी."

 जी गोष्ट कुणाला कळू नये म्हणून मी टॉवेलांखाली ठेवली होती, ती बाबांनी कोट घालून, चालत जाऊन, थेट पोलिसांच्या काउंटरवर मांडली होती. वर लाच. लाचच ती, दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे पासपोर्टाच्या चौकशीला हवालदार घरी येतो, त्याला चहा, फराळ, जमलं तर आणखी काही. बाबांच्या हिशेबी हा त्याच खात्याचा माणूस होता, फक्त गोरा.

"मिठाई आहे ती," मी म्हणाले. "आमच्याकडे पद्धत आहे. त्यांना काही... त्यांच्या मनात तसं काही नव्हतं."

"ते आलं लक्षात," तो म्हणाला, आणि एका बोटानं डबा माझ्याकडे सरकवला. "वास छान आहे. पण आम्हाला घेता येत नाही."

रेडिओबद्दल तो म्हणाला, या गावात कितीतरी स्वयंपाकघरांत तो वाजतो. घरात ऐका, ऐकलेलं बाहेर कुणाला सांगत बसू नका, आणि कुंपणापाशी उभ्या राहू नका. त्याच्या या शब्दाला कायद्यात किती वजन आहे, ते मला माहीत नव्हतं.

"हे कुठे लिहिलं जाईल का?" मी विचारलं.

"काय, मिठाई?" तो हसला. मीही हसले. त्याच्यामागचा कॉम्प्युटर चालू होता आणि त्याच्या पडद्यावर काय आहे ते मला या बाजूनं दिसत नव्हतं.

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा त्यानं मला मागे बोलावलं. "तुम्हाला सांगायला हवं," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं की रेडिओ त्यांचाच आहे, तुमचा नाही. आणि कुणाला शिक्षा द्यायचीच असेल तर पुन्हा त्यांना व्हिसा देऊ नका. कधीच नाही दिला तरी चालेल. मुलीचं तेवढं अडवू नका." त्यानं दाराकडे पाहिलं. "मी काही लिहून घेतलं नाही, बरं का."

बाबा दारात पाठमोरे उभे राहून हरवलेल्या मांजराची जाहिरात वाचत होते.

गाडीत बसून मी दार लावलं. मग जे सुटले ते सुटलेच.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे? कुणी?"

"पासपोर्टाले पोलीस लागते का नाही? मंग आधीच जाऊन भेटलेलं बरं. लपवलेलं सापडलं म्हणजे दंड होते. मी तिकडं हेच त पाह्यलं जन्मभर."

"हे नागपूर नाही, बाबा! आणि बर्फी? पोलिसांना बर्फी?"

"चांगली होती. एसेन्सची नाही, खऱ्या संत्र्याची."

"आणि 'मला व्हिसा देऊ नका' असं म्हणालात? कधीच देऊ नका?"

यावर ते समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "माह्या येण्याचं काय एवढं? तुहं काम झालं पाह्यजे."

"माझं काम!" मी अक्षरशः ओरडले. शेजारच्या गाडीतल्या बाईनं वळून पाहिलं. "कसलं माझं काम? हा पासपोर्ट मला कशाला हवाय, ठाऊक आहे? तुमच्याजवळ येऊन राहता यावं म्हणून! तीन आठवडे नाही, सहा-सहा महिने! त्यासाठी चाललंय हे सगळं, आणि तुम्ही काउंटरवर जाऊन..."

 मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वरून काहीतरी जड, चार इंजिनांचं गेलं. मांडीवरचा डबा बाबांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

मग ते म्हणाले, "मले कधी सांगितलं नाही तू हे."

"नक्की कुठे झालंय अजून? आणि आता तर होईल की नाही देव जाणे. सांगितलं असतं तर तुम्ही वाट पाहत बसला असता."

त्यांनी मफलरनं चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तुही माय गेली तवापासून वाटच त पाहून राह्यलो, पोरी."