मेल शोधायच्या आधी

"सगळ्यांच्या मेलमधी त्या दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव शोधा," आबा म्हणाले. "आपले पेशंट तिकडं कोन धाडतंय, आजच कळू द्या."

आबा म्हणजे काष्टीजवळच्या आमच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टचे चेअरमन. मी तिथली सिस्टीम ॲडमिन. स्टाफची मेल खाती मी सांभाळते. एक शब्द टाकला की तो शब्द असलेली कुणाचीही मेल मला उघडता येते. ही सोय मी कधी वापरली नव्हती.

"आबा, त्यात लोकांचं खासगी असतं."

"कंपनीचं मशीन वाचतंयच की! तुमीच सांगितलं हुतं."

सांगितलं होतं. मेल पुरवणारी कंपनी प्रत्येक मेल मशीनमधून चाळते, व्हायरस आणि फसव्या लिंक अडवायला.

"मशीनचे पाहुणे तालुकाभर नसतात, आबा. तुमचे आहेत."

ते हसले, पण हटले नाहीत.

मी शोधाआधीच्या कामांची यादी केली. पहिलं काम, साळवे मॅडमना कळवणं. त्या समुपदेशक. घरात मारहाण सोसणाऱ्या बायका त्यांना मेल करतात. व्हॉट्सॲप नवरा बघतो, सासू बघते. मेल कुणी उघडत नाही. 'माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही,' असा शब्द मॅडमनी प्रत्येकीला दिलेला. शोधात त्यांचंही खातं येणार होतं.

मला वाटलं, त्या भांडतील. त्यांनी शांतपणे चार ओळी टाइप केल्या, प्रिंट काढली आणि आबांपुढे ठेवली. 'ताई, यापुढे तुमची मेल हॉस्पिटलचे चेअरमनही वाचू शकतील. विचार करून लिहा.'

"सही करा, आबा. मी सगळ्याजणींना पाठवते. मग खुशाल शोधा."

"अहो बाई, मग कुनी लिहीलच न्हाई!"

"होय. म्हणून तर आधी सांगायचं."

आबांनी पेन काढलं, कागद पुन्हा वाचला. "आमच्या गावच्या पोरीबी असतील ह्यात?"

मॅडमनी फक्त सहीच्या जागेवर बोट ठेवलं. कोणत्या, हे आबांनी विचारलं नाही. मला दोघांचंही कौतुक वाटलं. आबांनी पेन खिशात ठेवलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी सरळ विचारलं, "पेशंट तिकडं कोन धाडतंय?"

हाडांच्या डॉक्टरांनी हात वर केला. "मी. आपलं एक्स-रे मशीन बंद आहे. दुरुस्तीचा अर्ज तुमच्याच टेबलावर पडलाय."

मशीन दुरुस्त झालं. मी नियमावलीत एक ओळ वाढवली: कुणाची मेल शोधायची असेल, तर आधी त्याला सांगायचं. आबांनी लगेच सही केली.

तेव्हापासून शोधाची मागणी एकदाही आलेली नाही.