सासऱ्यांचं कपाट

समोरच्या घरातली सून सासऱ्याला कपाटात कोंडून ठेवते, ही बातमी आमच्या गल्लीत पहिल्यांदा फुटली ती इस्त्रीवाल्याकडे. तिथून ती न्हाव्याकडे गेली. न्हाव्याकडे बातमीची उलट तऱ्हा, तिथे तिला दाढीमिशा फुटतात. माझ्या गॅलरीपर्यंत पोचली तोवर म्हाताऱ्याला जेवणसुद्धा कपाटाच्या जाळीतूनच मिळायला लागलं होतं.

आता मी काही बातम्या पसरवणारा माणूस नाही. आलेली बातमी अडवून धरायची नाही, एवढंच माझं धोरण. तेव्हा मी उठलो आणि आत जाऊन हिला सांगितली.

"कोण म्हणालं?" भाजी निवडता निवडता हिनं विचारलं.

"इस्त्रीवाला."

"त्याला कोणी सांगितलं?"

"सुतारानं. कपाट त्यानंच केलंय ना. वर जाळी, आत स्टूल मावेल एवढी जागा. आणि नंतर मुद्दाम बोलावून घेऊन बाहेरून कडी बसवायला लावली. त्यानं विचारलं, बाई, आत ठेवणार तरी काय? तर म्हणते कशी, सासरे."

"चेष्टा केली असेल बिचारीनं."

"आणि दुपारी आतून कण्हल्यासारखं येतं ते? तीही चेष्टाच?"

ते कण्हणं हिनंही ऐकलं होतं. आमची गॅलरी आणि त्यांची खिडकी यांच्यामध्ये गल्ली आहे खरी, पण ती नावाला. समोर फोडणी दिली की शिंका आम्हाला.

ते घर गाण्याबजावण्याचं. म्हातारा गावच्या बँडमध्ये जन्मभर ट्रम्पेट वाजवत आला, म्हणून सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणते. मुलगा नाटकगृहात चेलो, म्हणजे ते बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवतो. मुलगी पियानो शिकवते. ती लग्न होऊन बाजारापलीकडे राहायला गेली, पण तिचं लक्ष इकडेच. नातीच्या हातात बासरी. या लोकांचे कान इतके तिखट, की नव्या घराची दारावरची घंटा वीजवाल्याला परत न्यायला लावली. म्हणे दुसरा सूर जरा चढा आहे. तो बिचारा म्हणाला, "साहेब, दाबली की वाजते, माझं शिक्षण एवढंच." त्यानं तीच घंटा पुसून पुन्हा आणून लावली, आणि चेलोवाला म्हणाला, हां, आता बरोबर आहे. हे मी मीठमसाला लावून सांगत नाही. वीजवाल्यानं लावला असेल तर माहीत नाही.

घर नवं म्हणजे जुन्याचंच नवं केलेलं. आधी तिथे काड्यापेटीएवढ्या खोल्या होत्या, एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. ऊन म्हणून यायचं नाही. दुरुस्ती काढली तेव्हा सगळ्यांनी एकमतानं ठरवलं, मधल्या भिंती पाडायच्या आणि एक ऐसपैस दालन करायचं, सगळ्यांना मिळून वाजवता येईल असं. गुळगुळीत फरशी, मोठमोठ्या काचेच्या खिडक्या. राहायला आले त्या सकाळी मास्तर अनवाणी पायानं फरशीवरच्या उन्हात उभे राहिले आणि किती वेळ हललेच नाहीत. मग प्रत्येक नळ सोडून पाहिला, बंद केला आणि त्याला हात लावून पुढे गेले. मला गॅलरीतून दिसत होतं. मी हाक मारली, "काय मास्तर, घर पसंत?" तर म्हणाले, "अहो, या वयात ऊन घरी आलं. आणखी काय पाहिजे?"

आठवडाभरात घोटाळा लक्षात आला. मिळून वाजवायचं आठवड्यातून एकदा, चुका मात्र रोज करायच्या असतात. आणि चुका करायला भिंत लागते. पूर्वी प्रत्येकाला आपापला कोपरा होता. तिथे काय वाटेल ते वाजवा, कोणी तोंडावर बोलायचं नाही. आता नातीनं बासरीत चुकीची फुंकर मारली, की बाप दुसऱ्या टोकाकडून दाढी करता करता ओरडणार, "पुन्हा!" बापाचा चेलो घसरला, की नात खुदकन हसणार. भिंती पाडायच्या आधी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वाजवणाऱ्यांच्या डोक्यात सूर असतात, भिंतींना जागा नसते.

स्वयंपाकघर सोडलं तर दार असलेली खोली उरली एकच, सुनेची. ती कोट शिवते, जुने कोट दुरुस्त करते. जाडजूड, अस्तरवाले, थंडीचे. गिऱ्हाइकांचे कोट नीट लटकावता यावेत म्हणून भिंतभर कपाट केलं, ते तिच्या खोलीत. बाई कामाला वाघ, पण सुराच्या नावानं शून्य. तिला घंटा आणि घंटेचा चढा सूर यांतला फरक अजून कळलेला नाही. या घरात ती पडली कशी, असं लोक विचारतात. चेलोवाला तिच्याकडे बाही आखूड करायला गेला होता, चेलो वाजवताना आड यायची म्हणून. इतक्या वेळा गेला, की शेवटी कोटाला बाही उरली नाही.

लग्न झाल्यावर पहिल्याच बैठकीत कोणीतरी सुनेला म्हणालं, तूही म्हण काहीतरी. तिनं भाबडेपणानं लहानपणचं एक गाणं सुरू केलं. दोन ओळींत सगळ्या घराच्या माना खाली. नणंदेनं तर पियानोवर एक पट्टी वाजवून दाखवली, "वहिनी, इथे ये, इथे." पोरगी आणखीनच बावरली. तेव्हा मास्तर उठले. ट्रम्पेटची सूर लावायची नळी असते, ती बाहेर ओढत ओढत त्यांनी वाद्य तिच्या पट्टीवर आणून ठेवलं, आणि शेवटपर्यंत तिच्याबरोबर वाजवलं. कुठल्याच पियानोत नसलेल्या त्या पट्टीत. गाणं संपल्यावर म्हणाले, "छान. आता चहा टाक." सून हिला एकदा म्हणाली होती, "काकू, त्या रात्री मी बॅग भरणार होते. बाबांमुळे राहिले."

आणि घर नवं होत असतानाच मास्तरांचे पुढचे दात गेले. तुमचेआमचे दात गेले तर फार तर पेरू सुटतो. ट्रम्पेटवाल्याचं सगळं त्या दातांवर उभं असतं. वाद्याची वाटी ओठाला लागते आणि ओठाला मागून दातांचा टेकू. कवळी बसवली की तो टेकू परका होतो, हलतो, आणि जन्मभर ओळखीचा सूर म्हशीसारखा रेकायला लागतो. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, लांब लांब एकेक सूर धरून. होतं नीट, पण महिने लागतात. आणि तोवर ते रेकणं कोणाला ऐकवायचं? तिखट कानांच्या पोरांना?

मास्तरांनी घरात जाहीर केलं, आता वाजवणं पुरे, वय झालं. ट्रम्पेट पेटीत गेला. नातीनं आजोबांना मिठी मारली, आणि विषय संपला.

सुनेनं तो संपू दिला नाही. तिचं कपाट नुकतंच कोटांनी भरलं होतं. एका दुपारी, घरात कोणी नसताना, ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, आत बसून बघा. एवढ्या कोटांतून आवाज कुठे जातोय? आणि मी मशीन चालवते. मला तर कळत नाहीच, तुम्ही बरं वाजवताय का वाईट."

मास्तर म्हणाले, "हे मात्र खरं."

कोटांच्या मधोमध स्टूल गेलं आणि त्यावर मास्तर बसले. पण एक अट घातली. "पोरांच्या कानावर गेलं, तर त्या दिवसापासून मी याला हात लावणार नाही. सांगून ठेवतो." सुनेनं शब्द दिला. तेव्हापासून रोज दुपारी मशीनची खडखड आणि तिच्याखाली ते कण्हणं. सुताराला ती 'सासरे' म्हणाली ते याच भरवशावर, की असलं खरं कोण खरं धरतंय! गल्लीनं धरलं. बाईला कोटाचं माप कळतं, गल्लीचं कळलं नाही.

मग लोक तिच्याकडे बघून कुजबुजायला लागले. इस्त्रीवाला पैसे घेताना तोंड फिरवायचा. दोन गिऱ्हाइकांनी कोट परत नेले. बँडमधला एक जुना दोस्त दारात येऊन "मास्तर आहेत ना नक्की?" विचारून गेला. तिनं एका शब्दानं खुलासा केला असता तर सगळं मिटलं असतं. आणि ट्रम्पेटही मिटला असता. म्हणून ती गप्प राहिली.

शेवटी बातमी बाजार ओलांडून नणंदेपर्यंत गेली. एका दुपारी ती तरातरा आली. मी गॅलरीतच होतो, आणि त्यांची खिडकी उघडी होती. ही म्हणाली आत या, मी म्हटलं, उन्हं खातोय.

"वहिनी, बाबा कुठायत?"

मशीन थांबलं. आतलं कण्हणं त्याच्या आधीच थांबलं होतं. "बाहेर गेलेत, ताई."

"चप्पल इथे आहे त्यांची."

"दुसरी घातली असेल."

"माझ्या बापाकडे एकच जोड आहे, वहिनी. मला सांगतेस? कपाट उघड."

"लोकांचे कोट आहेत आत."

"उघड म्हणते ना!"

"नाही उघडणार," सून म्हणाली. ती उठून कपाटासमोर जाऊन उभी राहिली.

नणंद एकदम हळू बोलायला लागली, आणि ती हळू बोलली की समजावं. "हे बघ, इतके दिवस मी लोकांना वेड्यात काढत होते. माझी वहिनी अशी नाही म्हणून भांडले लोकांशी. आता कडी डोळ्यांनी बघतेय. बाबांचे कपडे भर. आत्ता घेऊन जाते मी त्यांना, आणि पुन्हा या घरात पाठवायची नाही."

"न्या ताई," सून म्हणाली. डोळे भरले होते. "पण संध्याकाळी न्या. आत्ता नका उघडू. पाया पडते."

आता बघा, तोंडातून तेवढा एक शब्द काढला की ती सुटत होती. तिनं काढला नाही. माझ्या शेजारी कधी येऊन उभी राहिली कोण जाणे, हिनं माझा दंड घट्ट धरला होता.

आणि कपाटातून सूर आला.

आधी फुटका, थुंकी उडाल्यासारखा. मग तुटला. मग पुन्हा आला, थोडा खाली, डगमगत, आणि हळूहळू उभा राहिला. लांब. आम्हा अडाण्यांनाही कळावं असा लांब. नणंदेचा कडीकडे गेलेला हात तिथेच राहिला. तिला काय कळायला वेळ लागतोय! या आवाजावर ती पाळण्यात झोपलेली.

सूर संपला. आतून मास्तरांचा आवाज आला, "खाली आहे, माहितीये मला. दात नवे आहेत. तिला बोलू नकोस. काय बोलायचं ते मला बोल."

नणंद दुरुस्तीच्या कोटांच्या ढिगावर बसली, ती बसलीच. मग म्हणाली, "बाबा, रोज वाजवता?"

"रोज. हिच्या जिवावर."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू पट्टी दाखवली असतीस."

यावर नणंद रडता रडता हसली. मग उठून तिनं सुनेला जवळ घेतलं. पियानोवाल्यांचे हात बोलतात म्हणे. तिचे तेव्हा नुसते वहिनीच्या पाठीवरून फिरत होते. शेवटी आतून आवाज आला, "अगं, कडी काढा कोणीतरी, घाम आलाय!"

मास्तरांनी वाजवणं सोडलं नाही. अट त्यांची होती, त्यांनीच मोडली, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार! पण कपाटही सोडलं नाही. मुलीनं परोपरीनं सांगितलं, माझ्यासमोर वाजवा, मी काही म्हणणार नाही. ते म्हणाले, "तू म्हणणार नाहीस गं, तुझी भुवई म्हणेल." आता ती अधूनमधून दुपारी येते, स्वयंपाकघराचं दार लावून आत बसते आणि वहिनीच्या कोटांची बटणं लावते. वाकडी लावते. नणंद गेल्यावर सून ती उसवून पुन्हा लावते आणि चकार शब्द काढत नाही. परत नेलेले कोटही दोन्ही आले. गिऱ्हाइकं म्हणाली, तिकडच्या शिंप्याला अस्तर जमेना.

परवा मोठ्या दालनात सगळे मिळून वाजवत होते. मास्तर उन्हात खुर्ची टाकून बसले होते, ट्रम्पेट मांडीवर. एका जागी त्यांनी तो उचलला, एकच ओळ वाजवली आणि खाली ठेवला. मी मास्तरांना विचारलं, "कशी झाली?" म्हणाले, "मला काय विचारता? सुनेला विचारा." सूनबाई म्हणाल्या, "मला तर बाई सगळ्याच छान वाटतात."

राहता राहिली कडी. ते कपाट सुतारानं वाकडं बसवलं होतं. दार मिटून राहत नव्हतं, आपोआप उघडायचं आणि मास्तरांचा सूर बाहेर सुटायचा. म्हणून बाहेरून कडी लावली.