वादळबाईची बस

तोगाशी हात्सुएबाई बसमधून उतरल्या की झाओचा डोंगर गायब होतो, असं आमच्या रोपवेवर सगळेच मानत. आमच्या जपानात कुणी सहलीला निघालं आणि पाऊस आला, तर त्या बिचाऱ्याला 'पाऊसबुवा' म्हणून जन्मभर चिडवतात. ऊन पडलं तर तो 'ऊनबुवा'. तोगाशीबाई या सगळ्यांच्या पुढे गेलेल्या होत्या. त्या वादळबाई होत्या. त्यांचा पिवळा झेंडा खालच्या स्टेशनात दिसला की तिकीट खिडकीवरचा माणूस 'वर काहीही दिसत नाही' ही पाटी आधीच बाहेर काढून ठेवायचा.

मी रोपवेच्या वरच्या स्टेशनात काम करतो. केबलवरचा बर्फ झाडायचा, वाऱ्याचा वेग बघायचा, ब्रेक तपासायचे. शिक्षण यंत्रांचं, त्यामुळे एका बाईमुळे हवा बिघडते हे मला पटत नसे. पण डोळ्यांसमोर घडत होतं ते घडत होतं. थंडीत शिखराजवळची फरची झाडं वारा आणि बर्फ अंगावर घेऊन फुगतात, आणि फेब्रुवारीत सगळ्या उतारावर पांढऱ्या भुतांची फौज उभी राहते. तीच बघायला लोक टोकियोहून, ओसाकाहून येतात. तोगाशीबाईंच्या लोकांना मात्र पांढरं धुकं दिसायचं आणि त्यात एक पिवळा झेंडा.

गंमत अशी, की ते लोक हसत परत यायचे.

बाई त्यांना वादळात ओळीने उभं करत आणि समोरच्या शून्याकडे बोट दाखवत. "हे आमचे दगडी जिझो देव. उन्हाळ्यात पूर्ण दिसतात. हिवाळ्यात एवढा बर्फ साचतो की फक्त डोकं वर राहतं. माझ्या नवऱ्याचं उलट होतं. बाकी सगळं होतं, डोकंच नव्हतं."

नवरा ऊनबुवा होता. बाईंशी लग्न झाल्यापासून त्याची उन्हाची शक्ती संपत चालली, म्हणून तो शिझुओकाला निघून गेला, असं त्या सांगत. शिझुओकात ऊनही जास्त आणि तिथं त्याला भेटलेली चहाच्या मळ्याची मालकीण जरा जास्तच उबदार.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या हातात बसचा माइक आला, आता त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. घरी मांजरही नव्हतं. मांजर मधेच उठून जातं, अर्ध्या गोष्टीतून उठणारा श्रोता आपल्याला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारीच्या शेवटी एका वादळी दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. हातात कोन्न्याकू कंदाच्या गोळ्यांची काडी, सोयाच्या रश्श्यात शिजवलेले गरम गोळे. स्टोव्हजवळ बसून त्यांनी एक गोळा खाल्ला आणि म्हणाल्या, "हिगुची-कुन, मला दुकानात लोणच्यांच्या काउंटरवर बसवणार आहेत."

"कोण?"

"आमचे मालक ओकुयामा. गुरुवारी ओसाकाच्या सहल कंपनीची माणसं येतायत. त्यांना भुतं दिसली तर पुढच्या वर्षीच्या सगळ्या बस आमच्या. नाही दिसली तर वादळबाई लोणच्यांकडे. मालक म्हणाले, 'तोगाशी-सान, तुम्ही गाइड चांगल्या आहात, पण तुमचं नशीब डोंगराला परवडत नाही.'"

"मग गुरुवारी दुसऱ्या कुणाला पाठवायचं ना."

"ओसाकावाल्यांनी सगळ्यात जुनी गाइड मागितली. मालकांनी त्यांना फुशारकीनं सांगून ठेवलंय, चाळीस वर्षांचा अनुभव म्हणून." त्यांनी दुसरा गोळा तोंडात टाकला. "लोणच्यांशी काय बोलणार मी? मुळ्याला विनोद कळत नाही."

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी विचार करतो, ही माझी सवय आहे. त्या संध्याकाळी रोजच्यासारखा फोन आला. त्यांच्याच कंपनीची तरुण गाइड रिसा.

"हिगुची-सान, उद्या वर कसं आहे हो?"

"वाईट. वारा, बर्फ, सगळं."

"बरं, बरं," असं म्हणून तिनं घाईनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बसची माणसं रोपवेनं वर आली आणि सगळ्यांच्या पुढे तोगाशीबाई. मी माझ्या खोलीच्या दारातच थांबलो. सगळा हिवाळा हेच चाललं होतं. हवा वाईट आहे असं मी सांगायचो, रिसाच्या पोटात दुखायचं, दुसऱ्या एका गाइडच्या आईला दवाखान्यात न्यायचं असायचं, आणि बदलीला तोगाशीबाई यायच्या. बाई वादळ आणत नव्हत्या. वादळच त्यांना आणत होतं.

दुपारी मी मोठ्या ऐटीत त्यांना हे सांगितलं.

"हे तुला आत्ता कळलं?" त्या म्हणाल्या. "तू शिकलेला ना रे?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"रिसाच्या पोटात दुखतं तेव्हा मी हवामान बघत नाही. पोटच जास्त खरं असतं."

"मग मालकांना सांगा. तुमच्यावरचा आळ जाईल."

"आणि मला उन्हाचे दिवस देतील." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच लोणच्यांचा काउंटर उघडला होता. "उन्हात कुणी गाइडचं ऐकतं का? सगळे झाडांकडे बघतात. वादळात त्यांच्याकडे माझ्याशिवाय काही नसतं. रिसाला अंग गारठायला आवडत नाही, मला पाठ फिरवलेली माणसं आवडत नाहीत. आमचं छान जमलंय. तू तोंड बंद ठेव."

मी ठेवलं.

गुरुवारी सकाळी मी दार उघडलं आणि कळवळलो. आकाश धुतलेल्या काचेसारखं होतं. शेकडो भुतं उन्हात चमकत उभी होती, पलीकडे आसाहीची डोंगररांग दिसत होती, आणि जिझो देव फक्त डोकं वर काढून पाहुण्यांकडे बघत होते.

ओसाकाची दहाबारा माणसं वर आली. त्यांच्या प्रमुख हानाफुसाबाई, आखूड केस, कुणाकडेही बघताना किंमत लावल्यासारखी नजर. बरोबर मालक ओकुयामा, इतके खूश की टोपी घालायलाही विसरले होते. तोगाशीबाईंनी झेंडा वर केला.

"हे आमचे जिझो देव. उन्हाळ्यात..."

"वा, काय दिसतंय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे फोन काढून पांगले.

बाई त्यांच्यामागे गेल्या. "यातलं एकेक भूत म्हणजे..."

"जरा बाजूला होता का? झेंडा फोटोत येतोय."

बाई बाजूला झाल्या. तिथंही फोटोत आल्या, म्हणून आणखी बाजूला झाल्या. शेवटी त्या माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच मी त्यांना गप्प पाहत होतो.

मालक धावत आले. "तोगाशी-सान, काय नशीब पालटलं तुमचं! ओसाकावाले खूश आहेत. आता फक्त चांगल्या हवेच्याच दिवशी बस. हवा वाईट असली की लोकांना स्ट्रॉबेरीच्या हरितगृहात नेऊ. ठरलंच."

"म्हणजे वादळात कुणी येणारच नाही?"

"कशाला येतील? काय आहे तिथं?"

ते परत पाहुण्यांकडे पळाले. बाई झेंडा गुंडाळत म्हणाल्या, "लोणची टळली. आता मरेपर्यंत ऊन."

त्या दिवशी माझी पाळी दुपारीच संपली, आणि बसचा चालक कान्नो-सान ओळखीचा, म्हणून गावापर्यंत मी त्यांच्याच बसमध्ये मागे बसलो. पुढे हानाफुसाबाई आणि मालक आकडे बोलत होते. बाकीचे फोनमधली भुतं बघत होते, खरी भुतं अजून खिडकीबाहेर दिसत असताना. तोगाशीबाई माइक हातात धरून उभ्या होत्या, तो चालू न करता.

मग त्यांनी तो चालू केला.

"सगळ्यांनी आपापले पडदे लावून घ्या."

"तोगाशी-सान," मालक म्हणाले, "बाहेर एवढं सुंदर..."

"बाहेर वादळ आहे, मालक. लावा."

ओसाकाच्या माणसाला विनोद सुरू होण्याचा वास लगेच येतो. पडदे भराभर लागले. बस अंधारली.

"कान्नो-सान, गाडी हळू. रस्ता दिसत नाहीये."

कान्नो-साननं लख्ख उन्हात वायपर चालू केला. एक जण फिसकन हसला.

"तुमच्या उजव्या हाताला एक भूत आहे, बारीक अंगाचं. पूर्वी तो एका कंपनीत खातेप्रमुख होता. गाइड म्हणाली, बस सुटतेय. तो म्हणाला, एकच फोटो. ते ऐंशीचं साल होतं."

"आणि डाव्या हाताला?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्याची बायको. दर हिवाळ्यात ती एक पाऊल लांब सरकते."

"कुठं चाललीय?"

"शिझुओकाला. माझा नवरा तिथंच आहे, तिला पत्ता दिलाय."

त्यानंतर बस शांत राहिली नाही. ओसाकावाले प्रश्न टाकत होते, बाई ते उचलून परत त्यांच्याच डोक्यात मारत होत्या. पैसे मिळवायला निघालेले मालक कुठलं भूत झाले, हे मी इथं सांगत नाही, मला त्याच गावात राहायचंय. खुद्द मालकही हसले, थोडे उशिरा.

हानाफुसाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या हाताची घडी घालून ऐकत होत्या.

"वादळाच्या दिवशी तुम्ही हे करता?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी करते. आज मला कुणी ऐकलं नाही."

"किती वेळ बोलू शकता?"

"रस्ता किती वेळ बंद आहे त्यावर."

"स्ट्रॉबेरीऐवजी ही बस द्या, असं म्हणायचंय तुम्हाला."

"हो. भाडं अर्धं करा, माझी हरकत नाही. दिसत तर काहीच नाही."

मालक घाईनं म्हणाले, "अर्धं चालेल, अर्धं चालेल."

"अजिबात नाही," हानाफुसाबाई म्हणाल्या. "अर्धं भाडं ठेवलं तर लोकांना वाटेल, तिथं काही नाही."

"काही नाहीच आहे," तोगाशीबाई म्हणाल्या.

"ते त्यांना वर गेल्यावर कळू दे. भाडं पूर्ण. आणि तुम्ही आजारी पडायचं नाही, दुसरी कुणी मी घेणार नाही."

"मी नाही पडत. आजारी पडायला आमच्याकडे वेगळी माणसं आहेत."

मालकांना हे कळलं नाही. मला कळलं, आणि मी खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिलो.

गाव जवळ आलं तसं कान्नो-साननं आरशातून विचारलं, "पडदे उघडायचे का आता?"

"थांब," मागचा माणूस म्हणाला, "तिची बायको पोचली का शिझुओकाला?"

"तिची नाही, त्याची," बाईंनी त्याला दटावलं. "लक्ष कुठं आहे तुमचं?" आणि माइक तोंडाजवळ नेला.